दोन सेंटीमीटर बाबा

घाटकोपर मेट्रोच्या स्टेशनवर सामान तपासायच्या यंत्रातून माझी पर्स गेली, छत्री गेली, आणि बाबांची डब्याची कापडी पिशवी मात्र अडकली. यंत्रामागे बसलेल्या जवानाने मान वर केली.

"ये बोतल में क्या है?"

"आर्टरी," बाबा म्हणाले.

"क्या?"

"नस. मेरी है. मेरे सर में से निकाली."

पुरावा म्हणून त्यांनी उजव्या कानशिलावरची ताजी पट्टी दाखवली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "नस म्हणालो, पण नस नव्हे हं. धमनी. त्याला कळावं म्हणून नस."

जवानाने वरिष्ठांना बोलावलं. ते मराठी निघाले. त्यांनी बाटली उजेडात धरली. आत पाण्यासारख्या औषधात शिजलेल्या शेवईएवढं काहीतरी तळाशी पडलं होतं. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, परत बाटलीकडे पाहिलं.

"काका, हे परत बसवणार का?"

"छे! कापणार."

साहेब एक पाऊल मागे सरकले. "जाऊ द्या यांना," म्हणाले. बाबा पिशवी छातीशी धरून निघाले आणि उजव्या बाजूच्या लोखंडी कठड्यावर खांदा आपटून घेतला. पट्टीमुळे दिसलं नसेल, असं मला वाटलं.

बाटली आमच्या हातात का होती, तर आपल्याकडे तशीच पद्धत आहे. ऑपरेशन झालं की सिस्टर बाहेर येते, बाटली नातेवाइकांच्या हातात ठेवते आणि म्हणते, "लॅबला पोचवा." लॅबचा माणूसही येऊन घेऊन जातो, पण बाबांचा लॅबच्या माणसांवर काडीचा विश्वास नव्हता. कारण ते स्वतः तीस वर्षं लॅबचेच माणूस होते.

महापालिकेच्या एका रुग्णालयात पॅथॉलॉजी विभागात ते तंत्रज्ञ होते. शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, तो ठोकळा यंत्रावर चढवून केसाहून कितीतरी पातळ कापायचा, काप कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचे, गुलाबी-जांभळे रंगवायचे आणि डॉक्टरांपुढे ठेवायचे. "निदान डॉक्टर करतो, पण त्याला दिसतं ते मी कापलेलं," हे वाक्य मी लहानपणापासून पोह्यांबरोबर खाल्लं आहे.

आमच्याकडे जेवताना धमन्यांचा विषय वर्ज्य नव्हता. शवविच्छेदनातून आलेल्या धमन्या बाबांनी इतक्या पाहिल्या होत्या की कोणाच्या आत काय चाललंय ते त्यांना बाहेरूनच दिसायचं, असा त्यांचा दावा होता. आधी आतल्या अंगाला पिवळी साय धरते. ती वर्षानुवर्षं जाड होते. मग तिच्यावर चुना बसतो आणि सुरी लावली की करकर वाजतं. लग्नाच्या पंगतीत कोणी तिसरी जिलबी घेतली की बाबा माझ्या कानाशी येऊन म्हणायचे, "हा करकर वाजणार." स्वतः त्यांनी सगळ्या आयुष्यात भजी खाल्ली नाहीत. पावसात सगळी चाळ भजी खायची आणि बाबा काकडी चिरायचे, तीही अशी पातळ की पलीकडचं दिसावं.

पण एक गोष्ट ते कधीच चेष्टेत सांगत नसत. "माणूस गेला की घरचे रडतात, चिडतात, सगळं करतात," ते म्हणायचे. "आणि शेवटी एकच विचारतात. कशानं गेला? तेवढं मी देतो."

या धंद्याने त्यांना एक वाईट खोड लागली होती. त्यांना कुठलीही गोष्ट कापून दाखवल्याशिवाय पटत नसे. मुलुंडच्या आमच्या चाळीची बिल्डिंग झाली आणि काही वर्षांनी तिसऱ्या मजल्यावर पाणी येईना, तेव्हा सेक्रेटरी म्हणाले टाकी लहान आहे. बाबांनी प्लंबरकडून वीतभर पाइप कापून घेतला आणि सर्वसाधारण सभेत टेबलावर ठेवला. आत पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलं होतं. सभेत बिस्किटांची बशी फिरते तसा तो पाइप फिरला. अजूनही तो आमच्या शोकेसमध्ये आहे, निवृत्तीच्या निरोप समारंभातल्या शालीशेजारी.

अशा माणसाचं डोकं दुखायला लागलं.

उजवं कानशील दुखायचं, म्हणजे असं की त्या कुशीवर उशी सोसवेना, कंगवा लावला की हाय हाय करायचे. त्यात जेवताना नवीनच तऱ्हा सुरू झाली. चार घास चावले की जबडा भरून येई, थांबलं की बरं वाटे, पुन्हा चावलं की पुन्हा. बाबांनी निदान केलं: चपात्या. मग दोन महिने आमच्या घरात चपातीवर महाभारत झालं. गहू बदलला, चक्की बदलली, शेवटी आईने लाटणं आपटलं आणि जाहीर केलं की बेचाळीस वर्षांत या चपात्यांनी कोणाचा जबडा मोडला नाही. भांडुपच्या दातवाल्याने एक दाढ काढली. बाबा ती पुडीत बांधून घरी घेऊन आले, भिंगाखाली पाहिली आणि म्हणाले, "दाढ निर्दोष होती." चष्म्याचा नंबर बदलून झाला. शेजारच्या काकूंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. एवढं करून आई हरली आणि रोज दुपारी कुळथाची पिठी आणि मऊ भात करायला लागली, कारण ती चावावी लागत नाही.

मग एका सकाळी पेपर वाचताना बाबांना दिसेनासं झालं. वरून पडदा सोडावा तसा अंधार खाली आला आणि पाचेक मिनिटांनी आपोआप वर गेला. बाबांनी काय करावं? त्यांनी विजेच्या कंपनीला फोन केला. बल्ब मंद होतोय, व्होल्टेज कमी येतंय, अशी रीतसर तक्रार. सकाळचे नऊ वाजले होते आणि ते खिडकीत बसले होते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. कंपनीचा माणूस आला, मीटर तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाला. बाबांनी त्याला अर्धा तास उभं करून खूप सुनावलं आणि तक्रार क्रमांक कॅलेंडरवर लिहून ठेवला.

मी बोरिवलीला राहते, शाळेत गणित शिकवते. त्यानंतर चार-पाच दिवसांनी आईचा फोन आला तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होते. "तुझो बाबा बल्बाशी भांडता," ती म्हणाली. "डोळे चोळता नि भांडता. माका काय बरा लक्षण दिसणा नाय." दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि बाबांना जवळपास ओढत घाटकोपरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या सांध्यांच्या आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांच्या.

बाई तरुण होत्या. त्यांनी चपाती, दाढ, चष्मा, बल्ब हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग दोन बोटं बाबांच्या कानशिलावर ठेवली. तिथली धमनी दोरीसारखी टरारली होती, मलासुद्धा दिसली. मग म्हणाल्या, "डावा डोळा झाका आणि माझी बोटं मोजा." बाबांनी तळहात डाव्या डोळ्यावर ठेवला. बोटं जरा फाकलेली होती. "तीन," म्हणाले. बरोबर होतं.

रक्ताचा रिपोर्ट पाहून बाईंनी सांगितलं की डोक्याच्या मोठ्या धमन्यांना सूज आली आहे. ही चरबीची, चुन्याची गोष्ट नव्हे. शरीराची स्वतःची राखणदार फौजच धमनीच्या भिंतीत घुसून बसली आहे, भिंत आतून फुगली आहे, रक्ताला वाट उरलेली नाही. जबड्याला रक्त कमी पडतं म्हणून चावताना दुखतं. डोळ्याला कमी पडतं म्हणून पडदा येतो.

"म्हणजे चुना नाही?" बाबांनी विचारलं.

"नाही काका."

"मग मी आयुष्यभर भजी कशासाठी खाल्ली नाहीत?"

बाई हसल्या नाहीत. "काका, आजपासून स्टेरॉइडच्या गोळ्या. रोज सहा. आज म्हणजे आजच. एकदा डोळा गेला की परत येत नाही, आणि एक गेला की दुसरा जायला दिवस लागत नाहीत."

"आधी तुकडा काढा," बाबा म्हणाले.

"तुकडाही काढू. पण गोळ्या आज."

"आज गोळ्या घेतल्या की तुकड्यातली सूज जाईल. मग स्लाइडवर काय दिसणार? कप्पाळ?"

"एवढ्या लवकर जात नाही. आठवडाभर, दोन आठवडे राहते. काळजी करू नका."

"बाई, मी तीस वर्षं कापतोय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं. बाबा भिंतीवरच्या डोळ्याच्या तक्त्याकडे पाहत होते. आधी पुरावा, मग औषध. याच्या पुढे ते एक इंच हलले नाहीत. बायोप्सी तिसऱ्या दिवशी ठरली. गोळ्यांची पट्टी माझ्या पर्समध्ये आली.

घरी येऊन मी समजावलं, ओरडले, शेवटी हात जोडले. बाबा चिडले की मालवणीवर येतात. "माका शिकवू नको. स्टेरॉइड घेतला की तुकडो धुवून निघतलो!" मी म्हटलं, डोळा गेला तर? ते उठून खिडकीत जाऊन बसले. मला त्यांचा असा राग आला की तो शोकेसमधला पाइप उचलून खाली टाकावा असं वाटलं.

आई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. तिने मला खुणेने आत बोलावलं आणि हात पुढे केला. "दी त्यो गोळ्यो."

"आई, असं चोरून..."

"डोळो गेलो तर ह्येंका पेपर कोण वाचून दाखवतला? मी नाय." असं म्हणून तिने खलबत्त्यात सहा गोळ्या टाकल्या आणि कुटायला लागली. बाहेरून आवाज आला, "काय कुटतंस गो?" आई म्हणाली, "लसूण." पिठीत कोकमाची चार सोलं जास्त टाकली, मिरची जास्त टाकली, आणि रोज दुपारी लागणारी पिठी त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ताटात आली.

बाबांनी पहिला घास घेतला. "कडू लागता."

"पित्त झालाहा तुमका," आई म्हणाली.

बाबांनी वाटी संपवली. मी गॅलरीत जाऊन डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि खरं ते सांगून टाकलं.  मग बाई म्हणाल्या, "हे मी ऐकलेलं नाही. असं कोणी करू नये. त्यांना लवकरात लवकर सांगा." फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "आणि उपाशीपोटी देऊ नका."

सांगायचं तर होतंच. पण सांगितलं की ते जेवण थांबवतील, हे मला आणि आईला दोघींनाही ठाऊक होतं. म्हणून उद्या सांगू, उद्या सांगू, करत राहिलो. या आजाराचं औषध आठ दिवसांत संपत नाही, वर्ष-दीड वर्ष चालतं. इतकी पिठी कोकणातसुद्धा कोणी खाल्ली नसेल.

बायोप्सी कानशिलापुरती भूल देऊन झाली, त्यामुळे बाबा पूर्ण शुद्धीवर होते आणि सर्जनला सूचना देत होते. मी दाराबाहेरून ऐकत होते. "अजून थोडा लांब काढा डॉक्टर. एवढ्याशात काही सापडत नाही. चिमट्याने दाबू नका, चिरडतो." सर्जन काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर बाबांनी बाटलीवरची चिठ्ठी वाचायला मागितली, बराच वेळ नाकाशी धरली, आणि पेन घेऊन स्वतःच्या अक्षरात भर घातली: उजवी बाजू, दोन सेंटीमीटर. मग आम्ही मेट्रोने अंधेरीला गेलो आणि दोन सेंटीमीटर बाबा लॅबच्या खिडकीत जमा करून उरलेले बाबा मी घरी आणले.

त्यानंतर घरात चमत्कार झाला. दोन दिवसांत बाबांचं डोकं दुखायचं थांबलं, जबडा मोकळा झाला, कंगवा फिरायला लागला. "बघितलंस? तुकडा काढल्याबरोबर डोकं हलकं झालं," ते म्हणाले. आईने आणि मी एकमेकींकडे पाहिलं नाही. पाचव्या दिवशी त्यांना अशी भूक लागायला लागली की ते दोन वाट्या पिठी मागायचे, आणि आईची पंचाईत व्हायची, कारण औषध एकाच वाटीत होतं. पहाटे उठून त्यांनी माळा साफ केला. सोसायटीच्या टाकीवर चढून झाकणाची पाहणी केली. स्टेरॉइड अंगात उतरलं की काहींना असा हुरूप येतो, हे मला नंतर कळलं. मात्र चहा ओतताना त्यांची धार कपाच्या बाजूला पडायची आणि दाराच्या चौकटीला उजवा खांदा लागायचा. म्हाताऱ्या माणसाने टाकीवर चढल्यावर असंच होणार, असं मी त्यांना बोलून दाखवलं.

आठव्या दिवशी रिपोर्ट आला. धमनी निर्दोष. सूज नाही.

 आता बाबा म्हणणार, झालं तर मग, आजारच नाही. आणि ज्या दिवशी पिठीचं बिंग फुटेल त्या दिवशी औषध कायमचं बंद. पण बाबांनी रिपोर्ट माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी फक्त त्या पाइपच्या सभेत पाहिलं होतं.

"किती ठिकाणी कापलं ते लिहिलंय?"

"नाही."

"तरी म्हटलं!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "अगं, हा आजार सलग नसतो. मुलुंडच्या रस्त्यासारखा असतो. दहा पावलं खोदलेला, पुढे गुळगुळीत, परत खोदलेला. यांनी नेमका गुळगुळीत भाग कापला आणि मोकळे झाले. ठोकळ्यात अजून अर्धा मी शिल्लक आहे. चल."

"कुठे?"

"मला कापायला."

अंधेरीच्या त्या लॅबमध्ये आम्हाला कोणी दारात उभं केलं नसतं. पण आत कापायच्या विभागाच्या प्रमुख बाई पन्नाशीच्या होत्या आणि तरुणपणी बाबांच्या हाताखाली शिकल्या होत्या. बाबांना पाहून त्या "सर!" म्हणून उठल्याच. बाबांनी मागणी सांगितली. हे नियमात बसत नाही, त्या म्हणाल्या; ठोकळा मी स्वतः आणखी खोल कापून देते. "तू काप," बाबा म्हणाले, "पण मी बसून." मग काय झालं ते त्या बाई आणि मी आयुष्यात कोणाला सांगणार नव्हतो, पण पाच मिनिटांनी यंत्रापुढे बाबा बसले होते.

मी त्यांना काम करताना पहिल्यांदाच पाहिलं. मेणाचा ठोकळा, वरखाली होणारं चाक, आणि पात्यावरून निघणारी पातळ फीत, काप एकाला एक चिकटलेले. प्रत्येक कापात मेणाच्या मधोमध एक बारीक कडं. ते कडं म्हणजे बाबा. चाक फिरवणारा हात इतका एकसारखा चालत होता की मला भरून आलं. फक्त ते सारखं मला विचारत होते, "फीत सरळ येतेय ना गं? चुरगळत नाही ना?" मला शिकवताहेत, असं समजून मी गणिताच्या बाईसारखी उत्तरं देत होते. हो बाबा. सरळ आहे बाबा.

काप रंगवून व्हायला तासभर लागला. लॅबचे डॉक्टर आले. त्यांना काय सांगितलं होतं देव जाणे, पण ते सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसले. एक काच. दुसरी काच. चौथ्या काचेला त्यांनी मान न उचलता म्हटलं, "अरे वा." मग आमच्याकडे वळले. "आहे. भरपूर सूज आहे. या आजारात दिसतात त्या राक्षसपेशीही आहेत. पहिल्या वेळी हा भाग आलाच नव्हता. रिपोर्ट सुधारून देतो."

"मी बघू?" बाबा म्हणाले.

डॉक्टर उठले. बाबा खुर्चीत बसले. ते एका नळीच्या जुन्या सूक्ष्मदर्शकावर शिकलेले. पुढे दोन डोळ्यांची यंत्रं आली तरी त्यांची सवय गेली नाही: डावा डोळा मिटायचा, उजवा लावायचा. तसा त्यांनी डावा मिटला, उजवा लावला. स्क्रू फिरवला. आणखी फिरवला.

"बल्ब गेलाय तुमचा," ते म्हणाले.

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. बल्ब लागलेला होता. काचेवर लख्ख उजेड पडला होता, मला उभ्याने दिसत होता. प्रमुख बाईंनी तोंडाला पदर लावला.  बाबा तसेच बसले होते, स्क्रूवर हात ठेवून.

"बाबा," मी म्हटलं, "डावा डोळा लावा."

त्यांनी सावकाश डोळा बदलला. कितीतरी वेळ पाहत राहिले.

"छान कापलंय," ते म्हणाले.

"कधीपासून?" मी विचारलं. 

"वीजवाल्यांना फोन केला ना, त्याच्या तिसऱ्या दिवसापासून. पडदा खाली आला तो वर गेलाच नाही." डोळा अजून यंत्रालाच होता. "डॉक्टरीणबाईंना बोटांच्या फटीतून मोजून दाखवली. खरं सांगितलं असतं तर तिने त्याच मिनिटाला स्टेरॉइड चढवलं असतं. उजवा तर गेलाच होता. म्हटलं, कशानं गेला ते तरी कळू दे."

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. मिठी मारावीशी वाटली. यातलं काहीच न करता मी रडले, सगळ्यांसमोर, हमसून.

"रडू नको. पुरावा मिळाला," बाबा म्हणाले आणि हात मागे केला. "दे आता गोळ्या."

"बाबा, गोळ्या तुम्ही दहा दिवस घेताय."

हात तसाच राहिला.

"पिठीत," मी म्हणाले. "पहिल्या संध्याकाळपासून."

 बाबांनी काच जरा सरकवली आणि डाव्या डोळ्याने पुन्हा पाहिलं. "म्हणजे बायोप्सीच्या आधी दोन दिवस मी गोळ्यांवर होतो," ते पुटपुटले. "आणि तरी दिसतंय. हे सगळं तरी दिसतंय." डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तेच. त्यांच्या तीस वर्षांच्या खात्रीविरुद्धचा पुरावा त्यांनी स्वतः कापून काढला होता, आणि फीत नीट यावी म्हणून जीव ओतून कापला होता. ते उठले. "मी पण म्हणतंय, पिठी कडू कित्याक लागता," एवढंच बोलले. रिक्षात माझा हात त्यांनी सोडला नाही. ते माझ्या डावीकडे बसले होते आणि मी त्यांच्या उजवीकडे, म्हणजे त्यांना मी दिसतच नव्हते.

घरी आईने आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. आत गेली, खलबत्ता धुऊन पालथा घातला, आणि बशीत सहा गोळ्या ठेवून बशी बाबांच्या डाव्या हाताला ठेवली. तिला केव्हापासून ठाऊक होतं, ते मी अजून विचारलेलं नाही. बाबांनी गोळ्या घेतल्या. "भजी कर," म्हणाले. आईने आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासाठी भज्यांचा कांदा चिरायला घेतला.

मग बाबांनी मला फोन लावायला सांगितला. विजेच्या कंपनीला. तक्रार क्रमांक तोंडपाठ होता.

"सर, ही तक्रार बंद झालेली आहे," पलीकडची मुलगी म्हणाली. "आमच्या माणसाने तपासणी केली होती."

"माहीत आहे. मला ती मागे घ्यायची आहे."

"बंद तक्रार मागे घेता येत नाही, सर. नवीन नोंदवायची का?"

"नोंदवा."

"कसली तक्रार आहे?"

"बल्ब, वायर, व्होल्टेज सगळं व्यवस्थित होतं, अशी."

"ही तक्रार कशी होईल, सर?"

"ते तुम्ही बघा. पण लिहा. तुमच्या माणसाला मी उगाच बोललो. दोष माझ्या डोळ्यात होता."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज थांबला. "सर," ती म्हणाली, "आता दिसतंय ना तुम्हाला?"

"डाव्याने दिसतंय. उजवा गेला," बाबा म्हणाले. "पण कशानं गेला ते कळलं. नोंद झाली का?"